पाळणाघर शोधताना

२०११ साली माझी मुलगी आठ महिन्यांची होती. मी राहत होते जळगावला आणि धुळ्याच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवीत होते. तासिका तत्त्व म्हणजे काय, हे प्राध्यापक वाचकांना सांगायला नको. तास घेतला तर मानधन, न घेतला तर काही नाही; बाळंतपणाच्या भरपगारी रजेची तर गोष्टच सोडा. एरंडोल, पारोळा करीत एस. टी. नव्वदेक किलोमीटरचे ते अंतर अडीच तासांत कापीत असे. सकाळी सातला घर सोडले की परतायला संध्याकाळचे पाच वाजत. या दहा तासांत मूल कोणाजवळ ठेवायचे?

पहिला पर्याय सासूबाईंचा. रावेर तालुक्यात त्यांचे केळीचे शेत. "राहू दे तिला माझ्याजवळ, शनिवारी येत जा," असे त्या म्हणाल्या आणि ते मनापासून म्हणाल्या. पण त्यांची साठी उलटली होती, शेताची देखरेख त्यांच्याच अंगावर होती, आणि लेकीला आठवड्यातून एकदा भेटण्याची कल्पना मला सोसत नव्हती. दुसरा पर्याय घरी बाई ठेवण्याचा. तो माझ्या मानधनात बसत नव्हता. तिसरा नोकरी सोडण्याचा. तो अनेकांनी सुचवला, पण सगळ्यांनी मलाच. नवऱ्याला कोणी सुचवल्याचे मला आठवत नाही. उरले पाळणाघर.

मी चार पाळणाघरे पाहिली आणि चारही ठिकाणी एकच प्रश्न विचारला, "आईसारखं सांभाळाल ना?" चारही ठिकाणी उत्तर आले, "अगदी आईसारखं." त्यांतल्या एका ठिकाणी दोन खोल्यांत चौदा मुले होती, एक बाई होती आणि मोठ्या आवाजात टीव्ही चालू होता. उत्तर मात्र तेच. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले, की चूक माझ्या प्रश्नातच होती.

हा प्रश्न माझ्या तोंडी आला कुठून? बराचसा वर्गातून आला असावा. खानदेशात मराठी शिकवणाऱ्याला दोन नावे टाळता येत नाहीत : बहिणाबाई आणि साने गुरुजी. बहिणाबाईंची सुगरणीच्या खोप्यावरची कविता शिकवताना आपण सगळेच मातृत्वावर भाष्य करून मोकळे होतो. वास्तविक सुगरण पक्ष्यात खोपा विणतो तो नर. मादी खोपा पारखून घेते, आतून तो नीट करते आणि पिलांना बहुतांशी तीच भरवते. म्हणजे त्या खोप्यातही कामाची वाटणी आहे. अर्थात हा बहिणाबाईंचा दोष नव्हे. पक्ष्याला स्त्रीलिंगी नाव देऊन भाषेने तो निर्णय आधीच घेतलेला होता. शिवाय खुद्द बहिणाबाई तरुणपणी विधवा झाल्या आणि शेतात राबून त्यांनी मुले वाढवली. घर आणि शेत अशी दुहेरी कष्टांची जमा-खरीद त्यांना पुरती ठाऊक होती. ती आपल्या टिपणांत उतरत नाही, इतकेच.

साने गुरुजींचेही तसेच. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्याआधी, १९२४ ते १९३० या काळात, ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयातल्या मुलांची देखभाल त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या झाडणे, अस्ताव्यस्त कपड्यांच्या घड्या घालणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे, ही त्यांची कामे त्यांच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून सांगितली आहेत. दुसऱ्यांची मुले रोज सांभाळणाऱ्या एका पुरुषाने मराठीतली सर्वांत प्रसिद्ध आई लिहिली. आपण 'मातृहृदयी' हा एक शब्द वापरतो आणि त्या झाडूचा, त्या घड्यांचा विषय तिथेच संपवतो.

पाचव्या पाळणाघरात मी प्रश्न बदलले. मुले किती, सांभाळणारी माणसे किती, दुपारचा वरणभात कोण करते, ताप आला तर कोणाला फोन करता? त्या मावशींनी मला शांतपणे उत्तरे दिली आणि मग माझीच तपासणी घेतली. झोपताना काय लागते? कुशीवर झोपते की पालथी? कोणता आवाज ऐकून घाबरते? त्यांच्या दोन प्रश्नांची उत्तरे मला देता आली नाहीत. पहिल्या दिवशी मी दारात घुटमळले तेव्हा त्या म्हणाल्या, "माय, मागं वळून पाहू नका. तुम्ही थांबल्या म्हणजे ती रडते, गेल्या म्हणजे खेळते." हे ज्ञान कुठल्या हृदयातून आपोआप येत नाही, अनेक वर्षे अनेक मुले हाताखालून गेली की येते.

इथवर ही एका सुटलेल्या अडचणीची गोष्ट झाली. पण मावशींच्या हाताखाली एक तरुण बाई होती आणि माझ्या मुलीला भरवणे, जोजवणे बव्हंशी तीच करी. एकदा ती लागोपाठ चार दिवस आली नाही. चौकशी केल्यावर कळले, की तिचे दीड वर्षाचे मूल तिची नऊ वर्षांची मुलगी घरी सांभाळत होती आणि आता ती मुलगीच तापाने आजारी होती. वस्तीतली अंगणवाडी तीन वर्षांवरच्या मुलांना बसवून घेई, तीही काही तासच. म्हणजे माझे मूल सांभाळले जावे म्हणून एका मुलीची शाळा सुटली होती. त्याच आठवड्यात मी धुळ्याला स्त्रीवादी समीक्षेवर तास घेत होते. वर्षभर त्या बाईच्या हातात मी मूल देत होते आणि तिच्या मुलाचे काय, हे मी एकदाही विचारले नव्हते.

आम्ही पालक एकत्र बसलो. तिचे मूलही पाळणाघरातच यावे, तिचा पगार वाढावा आणि त्यासाठी आमचे शुल्क वाढावे, असे ठरले. ठरले हे खरे, पण सहज नव्हे. एका कुटुंबाने, "कामवालीच्या पोराबरोबर आमचं मूल?" असे म्हणून आपले मूल काढून घेतले. माझ्या मानधनाचा मोठा हिस्सा शुल्कात जाऊ लागला आणि घरात पुन्हा 'मग नोकरी कशासाठी?' हा प्रश्न निघाला. नवऱ्याने तेव्हा पहिल्यांदा हिशेब वेगळा मांडला. शुल्क माझ्या मानधनातून वजा न करता दोघांच्या कमाईतून वजा करायचे, कारण मूल दोघांचे आहे. इतकी साधी बेरीज-वजाबाकी मांडायला आम्हाला दीड वर्ष लागले होते. ती नऊ वर्षांची मुलगी जूनमध्ये शाळेत परत गेली.

त्यानंतर कायदे-योजना झाल्या. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. २०२२ मध्ये मिशन शक्तीखाली अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची 'पाळणा' योजना आली. त्या मोलाच्याच आहेत. पण दोन खोल्यांच्या पाळणाघरात राबणारी बाई पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत मोडत नाही.

आता मी जळगावातच शिकवते. विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाईंचे नाव आहे. सुगरणीची कविता शिकवण्याआधी मी मुलांना एक कागद देते आणि शाळेत जाईपर्यंत तुम्हाला कोणी कोणी सांभाळले, ते लिहायला सांगते. आजी, थोरली बहीण, शेजारची काकू, अंगणवाडीची ताई, क्वचित एखादे आजोबा, अशी नावे येतात. नुसते 'आई' लिहिलेले कागद थोडेच निघतात. 'थोरली बहीण' लिहिणाऱ्यांना मी आणखी एक प्रश्न विचारते : ती कितवीपर्यंत शिकली? मग थोडा वेळ वर्गात कोणी बोलत नाही, आणि त्यानंतर आम्ही कविता उघडतो.