दावोसच्या तीन रंगांच्या वाटा

गेल्या उन्हाळ्यांत चिरंजीवांच्या आग्रहास्तव आम्ही सहकुटुंब स्वित्झर्लंडांत दोन महिने राहून आलों. तेथील सरोवरांचीं व हिमशिखरांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. म्हणून आज त्यांची पुनरुक्ति न करतां, दावोसच्या खोऱ्यांत सायकलीसाठीं राखलेल्या ज्या डोंगरवाटा आम्हीं पाहिल्या, त्यांविषयींच चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

झुरिकहून निघून लांडक्वार्ट येथें मीटर गेजच्या तांबड्या गाडींत बसलें, कीं एकंदर अडीच तासांत दावोस येतें. हा लोहमार्ग १८९० सालीं येथवर पोंचला. गांवाची उंची १५६० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून थोडीच कमी. खोऱ्याच्या मधून लांडवासर नदी नैर्ऋत्येस वाहते व फ्ल्युएला, दिश्मा आणि सेर्टिग हीं तीन उपखोरीं तिला आग्नेयेकडून येऊन मिळतात.

एके काळीं हें क्षयरोग्यांचें गांव होतें. कोरड्या, थंड हवेसाठीं दूरदूरचे रोगी येत व कांबळ्यांत गुरफटून गच्चीवर तासन्‌तास निश्चल पडून राहत. टोमास मान हा जर्मन ग्रंथकार १९१२ सालीं आपल्या आजारी पत्नीस भेटावयास येथें आला होता. त्या मुक्कामांतून सुचलेली त्याची प्रसिद्ध कादंबरी १९२४ सालीं बाहेर पडली. जेथें हालचाल हेंच कुपथ्य होतें, तेथें आज आबालवृद्ध सायकलीवरून डोंगर उतरत असतात, हा काळाचा महिमा होय.

या वाटांचे रंग तीन. निळी सोपी, तांबडी मध्यम व काळी अवघड. जर्मन भाषा बोलणाऱ्या मुलखांत याहून बारीक प्रतवारीही प्रचलित असून तींत शून्यापासून पांचापर्यंत पायऱ्या आहेत. शून्य व एक म्हणजे निळी वाट. तेथें घट्ट माती, फार तर लहानसहान मुळें व खडे. दोन म्हणजे तांबडी. तींत सुटे दगड, पायऱ्या व आखूड वळणें येतात. तिनापासून पुढें काळी. तेथें मोठाले धोंडे असतात, आणि कांहीं वळणें इतकीं अरुंद, कीं मागचें चाक उचलूनच सायकल फिरवावी लागते. पादचाऱ्यांच्या पाट्या पिवळ्या व सायकलींच्या गडद तांबड्या. बहुतेक वाटा दोघांस सामाईक असल्या, तरी पहिला मान पादचाऱ्याचा. त्यास पाहतांच सायकलस्वारानें वेग आवरावा, अशी रीत आहे.

हें ऐकून आम्हांस आपल्या शास्त्रकारांची आठवण झाली. वेदान्तग्रंथाच्या आरंभीं विषय, प्रयोजन व संबंध यांबरोबर ‘अधिकारी’ कोण, हेंही सांगावें लागतें. परंतु शास्त्र मुखोद्गत असणें निराळें व तें वेळेवर आठवणें निराळें, याचा प्रत्यय आम्हांस लवकरच आला.

पहिल्या दिवशीं आम्हीं विजेच्या मदतीनें चालणारी एक सायकल भाड्यानें घेतली. जन्मभर साध्या सायकलीवर शाळा गांठलेल्या आम्हांस प्रथम ती लबाडी वाटली. पण दिश्माच्या खोऱ्यांत ओढ्याकांठानें, गाईंच्या घंटांचा नाद ऐकत, २००० मीटरांवरील ड्युरबोडेनपर्यंत सुखानें पोंचल्यावर तो अभिमान गळाला.

चौदा वर्षांच्या नातवास मात्र हें पोरखेळाचें वाटलें. याकोब्सहॉर्नच्या माथ्यापर्यंत, म्हणजे २५९० मीटर उंच, सायकलीसह पाळण्यांतून जातां येतें. तेथून सेर्टिग, मोनश्टाइनवरून फिलीझूरपर्यंत जाणारी सुमारें ४० किलोमीटरांची एक नामांकित वाट आहे. ती मुरलेल्या स्वारांची. त्याला तीच हवी होती. चिरंजीव म्हणाले, “अण्णा, त्याला एवढें झेपणार नाहीं.” यावर आम्ही हंसून बोलून गेलों, “आमच्या वेळीं वाटांना रंग नव्हते. जाऊं दे त्याला.”

दुसऱ्या दिवशीं बापलेक वरून निघाले. आम्ही नदीकांठच्या सोप्या रस्त्यानें श्मेल्त्सबोडेन येथें जाऊन वाट पाहत बसलों. पूर्वीं तेथें शिसें व जस्त यांची खाण होती. ठरल्या वेळेनंतर दोन तासांनीं दोघे पायीं, सायकली ढकलीत आले. मुलाचा गुडघा फुटला होता, कोपर सोललें होतें. एका दगडाळ वळणावर त्यानें भिऊन पुढचा ब्रेक करकचून दाबला होता. हाड शाबूत होतें, ही ईश्वरकृपा. चिरंजीव आम्हांस एक शब्दही बोलले नाहींत. तो मुलगाच खालमानेनें म्हणाला, “आजोबा, मला नाहीं जमलें.”

ते शब्द आम्हीं पूर्वीं एकदां ऐकले होते. तीस वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्याचें संस्कृत पाहून, त्याच्या वडिलांचें मन नसतां, आम्हीं त्याला एकदम दोन इयत्ता वर चढविलें. गणितांत तो जो बुडाला, तो वर आलाच नाहीं. शाळा सोडतांना त्यानें हेंच म्हटलें होतें. पुढें एका दुकानाच्या गल्ल्यावरून उठून त्यानें आम्हांस वांकून नमस्कार केला. तो नमस्कार अजून सलतो. न जमल्याचा दोष त्याचा नव्हता. अधिकार न पाहतां वाट दाखविणाराचा होता. आगगाडींतून परततांना आम्हीं ही हकीकत नातवास सांगितली व त्याची क्षमा मागितली.

चार दिवसांनीं जखम सुकल्यावर तोच म्हणाला, “आजोबा, आपण तुमच्या वाटेनें जाऊं.” मोटारींची वाहतूक बोगद्यांतून जाऊं लागल्यापासून त्स्युगेनच्या घळींतील जुनी सडक चालणारांस व सायकलींस मोकळी झाली आहे. दोहों बाजूंस सरळ उभे कडे व खालीं फेंसाळणारी नदी. त्या सडकेनें आम्ही दोघे वीझेनच्या पुलापाशीं पोंचलों. १९०९ सालचा हा दगडी पूल नदीपासून ८८ मीटर उंच आहे. वरून तांबडी गाडी गेली. उतारावर नातू पुढें होता. पण प्रत्येक वळणापाशीं आधींच वेग आवरून, मागें वळून तो आमच्यासाठीं थांबत असे.

आमच्या वाचकांपैकीं कोणी तिकडे गेल्यास काळ्या वाटाही जरूर पाहाव्या. मात्र घरांतील मुलास कोणती वाट झेपेल, हें आधीं त्यालाच विचारावें.