पडद्यामागचा आवाज

१/ १९२७ साली ‘द जाझ सिंगर’ झळकला आणि हॉलिवूडला कंठ फुटला. मूकपटांतील तारकांपुढे प्रश्न उभा राहिला: रूप आहे, पण आवाजाचे काय?

२/ एमजीएमच्या ‘सिंगिंग इन द रेन’ने (१९५२, दिग्दर्शक जीन केली व स्टॅन्ली डोनन) याच संक्रमणकाळाची थट्टा केली. कथेत किरट्या आवाजाच्या लीना लॅमाँटसाठी नवोदित कॅथी पडद्यामागून गाते. अखेरीस भर रंगमंचावर पडदा ओढला जातो, खरी गायिका प्रेक्षकांना दिसते आणि न्याय होतो.

३/ प्रत्यक्षात मात्र निराळेच घडले होते. कॅथी लीनासाठी संवाद बोलते, त्या प्रसंगी ऐकू येणारा सुरेल आवाज लीना साकारणाऱ्या जीन हेगन यांचाच आहे! तर ‘वुड यू?’ हे गाणे कॅथी झालेल्या डेबी रेनॉल्ड्स यांच्यासाठी बेटी नोयस यांनी गायिले.

४/ श्रेयनामावलीत नोयस यांचे नाव नाही. उसन्या आवाजाचा अन्याय ज्या चित्रपटाने हसतहसत उघड केला, त्यानेच तो पुन्हा केला. म्हणूनच चित्रपट हे इतिहासाचे साधन म्हणून वाचताना नामावलीत कोण आहे याइतकेच कोण नाही, हेही पाहावे लागते. कॅथीसाठी पडदा ओढला गेला; नोयस यांच्यासाठी त्या चित्रपटात तो ओढला गेला नाही.