रुमालाबाहेरचा सौदा

व्यवहाराची बोलणी सकाळच्या नाश्त्यावर करावीत, असा सल्ला व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून दिला जातो. वऱ्हाडाला त्यात नवल वाटू नये. कापसाच्या हंगामात इथली बोलणी भल्या सकाळी चहाच्या टपरीवरच सुरू होतात. आम्हां साहित्यातल्या माणसांना मात्र संध्याकाळ लागते, आणि संध्याकाळी कागदाच्या भावावर निघालेले बोलणे कवितेवर जाऊन पोचते.

यंदा ते परवडणारे नव्हते. आमचा वार्षिक अंक अमरावतीत जुळवला जातो आणि अकोल्यात छापला जातो. मागच्या अंकाचे पैसे आमच्याकडे थकलेले, नव्या कागदासाठी आगाऊ रक्कम हवी. बोलणी फिसकटली असती तर अंक बंद. म्हणून अकोल्यात नाश्त्याला भेटायचे ठरवले, आठ ते साडेनऊ. दहाला भाऊंचे यंत्र सुरू होते आणि आमच्यातल्या दोघांना दुपारच्या तासाला परतायचे असते. सकाळचा मोठा गुण हा की तिला शेवट असतो.

खाण्याचाही विचार करावा लागला. अमरावतीचा गिला वडा सोबत नेण्याचा मोह होता. पण दही-चटणीत भिजलेला तो पदार्थ आणि हिशेबाचे कागद एका टेबलावर नांदत नाहीत. शेगावची कचोरी त्या मानाने व्यवहारी. एका हाताने खाता येते, दुसरा लेखणीला मोकळा.

खरी अडचण आग्रहाची होती. वऱ्हाडी यजमानासमोर रकमेचा विषय काढला की उत्तर ठरलेले: "पैशाचं मंग पाहू ना सर, आंधी खा तं खरं!" या 'मंग'मध्ये आमची कित्येक वर्षे गेली. प्रेम खरे असते, म्हणूनच आकडा उच्चारणे अशिष्ट ठरते. पूर्वी कापसाच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत. दोघांनाच कळे, ज्याचा माल, तो शेतकरी बाजूला उभा. कारंज्याला १८८६ साली नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला, आणि पुढे बाजार समित्यांच्या उघड लिलावात भाव मोठ्याने बोलला जाऊ लागला. आमच्या मैत्रीवर मात्र रुमाल तसाच होता, आणि त्याखाली बोटेसुद्धा हलत नव्हती.

तेव्हा आदल्या दिवशीच एका कागदावर तीन आकडे लिहून पाठवले: बाकी किती, आता किती देऊ शकतो, प्रती किती हव्यात. कोणी बोलायचे, तेही ठरवले. चौघांनी एकदम बोलायचे नाही. (हे सर्वांत कठीण गेले. आम्ही चौघेही प्राध्यापक.)

भाऊंनी बशा येण्याआधीच तो कागद खिशातून काढला. त्यांनाही तो विषय निघायला हवाच होता, हे तेव्हा कळले. बाकी दोन हप्त्यांत द्यायची, कागद आम्ही आणायचा, पण एक फॉर्मा कमी करायचा. सव्वानऊपर्यंत सारे लिहून झाले होते. सोळा पाने गळणार होती. ती परीक्षणांची की कवितांची, हे ठरवायला मूर्तिजापूर मागे पडले, बडनेरा आले, तरी वेळ पुरला नाही.