मुळशीच्या वाटेवरील शाळा

“कोणत्या जिल्ह्यांतील शाळा चांगल्या?” असा प्रश्न बदलीच्या नोकरींतील आप्तेष्ट मला वरचेवर करितात. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यानें जिल्हावार श्रेणी लावण्यास आरंभ केल्यापासून तर त्यांच्या मनांत एक यादीच तयार असते. त्या श्रेणीच्या एकंदर ६०० गुणांपैकीं २९० फलितास असून उरलेले अध्यापन, इमारत, मुलांची सुरक्षितता, संगणकीय साधनें व कारभार यांमध्यें वांटलेले आहेत. मोजण्याची ही रीत निंद्य नव्हे. परंतु जिल्हा म्हणजे कांहीं एक वर्ग नव्हे. पुणें जिल्ह्याचा मुळशी तालुका एकदां पश्चिमेपर्यंत पाहून यावा, म्हणजे सरासरी या शब्दाचा अर्थ नीट कळतो.

चांदणी चौक मागें टाकला कीं भूगांव, भुकूम, पिरंगुट अशी वाट लागते. येथें कारखाने आणि नव्या इमारती दाटल्या आहेत. तालुक्याच्या ईशान्य कोपऱ्यांत तर हिंजवडीचें आयटी पार्क आहे. ज्यांस परवडतें त्यांचीं मुलें इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसगाड्यांतून जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेंत येतात तीं बहुतांशीं कामगारांचीं, त्यांत परप्रांतांतून आलेलींही पुष्कळ. घरीं हिंदी, शाळेंत मराठी, आणि वडिलांचें काम सुटलें कीं वर्षाच्या मध्यावरच नांव कमी! अशा वर्गास शिकविणें म्हणजे वाहत्या पाण्यावर अक्षरें काढणें होय. तरी तेथील कित्येक शिक्षक तें नेटानें करितात, हें मीं पाहिलें आहे.

पौड हें तालुक्याचें ठाणें. तें ओलांडल्यावर देखावा पालटतो आणि पुढें मुळशीचा विस्तीर्ण जलाशय दिसूं लागतो. टाटांच्या या धरणाविरुद्ध १९२१ सालीं सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह झाला, हें आपणांस ठाऊक आहेच. खोऱ्यांतली सुपीक भातखाचरें पाण्याखालीं गेलीं. १९२७ पासून भिऱ्याची वीज मुंबईकडे जाऊं लागली. आणि जे मागें राहिले त्यांच्या वाड्या डोंगरउतारांवर विखुरल्या. शाळांचा आजचा प्रश्न या विखुरण्यांत आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांप्रमाणें पहिली ते पांचवीच्या मुलांस एक किलोमीटरच्या आंत शाळा हवी. म्हणून वाडीस शाळा. पण वाडींत मुलेंच थोडीं.

आषाढांत अशा एका शाळेंत गेलों होतों. दोन शिक्षक, चार इयत्ता, नऊ मुलें. कागदावर हें प्रमाण ऑक्सफर्डासही लाजवील! प्रत्यक्षांत एक शिक्षक कसलीशी माहिती भरून देण्यासाठीं पौडास गेलेले, आणि दुसरे चारही इयत्ता एकाच खोलींत सांभाळीत बसलेले. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता कीं कविता म्हणावयाची सोयच नव्हती. सर्व कारभार पाटीवर चालला होता. तरीही तिसरींतील एका मुलीनें न पाहिलेला धडा मजजवळ बसून अडखळल्याविना वाचला. आवणीसाठीं दोन मुलें गैरहजर होतीं, तीं नऊंत धरलेलीं आहेत.

सप्टेंबर २०२३ मध्यें राज्याच्या शिक्षण विभागानें वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव मागविले. नमुना म्हणून पानशेत व नंदुरबारकडील तोरणमाळ यांचीं नांवें पुढें होतीं. मोठ्या शाळेंत प्रत्येक इयत्तेस शिक्षक मिळतो, खेळावयास सोबती मिळतात, हें मी नाकारीत नाहीं. पण ताम्हिणीच्या पावसांत शाळेची गाडी आठवडाभर आली नाहीं, तर मुलगा कदाचित् चालत जाईल. मुलीस मात्र घरींच ठेवतील.

उलट खेड तालुक्यांतील जालिंदरनगरची जिल्हा परिषदेची शाळा पाहा. २०२५ सालीं तिला जागतिक स्पर्धेंत लोकपसंतीचें पारितोषिक मिळालें. जिल्हा तोच, परिषद तीच, अभ्यासक्रमही तोच. तेव्हां आप्तांस मी सांगतों तें इतकेंच: यादी बाजूस ठेवा आणि श्रावणांतील एखाद्या साध्या दिवशीं शाळेंत जा, प्रजासत्ताकदिनीं नव्हे. तिसरीच्या मुलास दुसरीचें पान वाचावयास द्या. ‘असर’ची मंडळी २००५ पासून खेडोपाडीं घरोघर जाऊन याच मापानें मोजीत आलीं आहेत. मग एक हातच्याची वजाबाकी घाला. शिक्षक कोठें राहतात व गेल्या चार वर्षांत कितीदां बदलले, तेंही विचारा.

धरणाकाठच्या त्या शिक्षकांस मीं पुढील वर्षाचा पट विचारला. पहिलींत एकच मूल येणार आहे, असें ते म्हणाले. आणि तेंही वडील वीटभट्टीवर गेले नाहींत तर.