होडीचं नाव पुसताना

भुसावळ म्हटलं की काय आठवतं? जंक्शन, केळी आणि रात्री दोन वाजता प्लॅटफॉर्मवरचा चहा! बॉस, या मे महिन्यात मी तिथे चक्क होडीवरचे स्टिकर काढत होतो.

तापीवरचं हतनूर धरण भुसावळहून गाडीने तासाभराच्या आत. एक्केचाळीस दरवाजांचं. मागे चांगदेवपर्यंत, जिथे पूर्णा तापीला मिळते, पसरलेलं पाणी. हिवाळ्यात इथे परदेशी बदकं उतरतात आणि त्यांच्यामागे कॅमेरेवाले. मित्राच्या नानांनी याच सीझनसाठी कोकणातून सेकंडहँड फायबरची होडी आणली. तिच्यावर जुन्या मालकाचा नंबर, आईस्क्रीमची जाहिरात आणि ठळक 'सागरकन्या'. नाना म्हणाले, ''तापीवर सागर कुठून आणू भाऊ?''

मी उत्साहात ब्लेड घेतलं. पहिल्याच अक्षराला खर्रकन उभा ओरखडा! नानांचा चेहरा पडला. फायबरवरचा चकचकीत थर, जेलकोट, जेमतेम अर्धा मिलिमीटरचा असतो. तो फाटला की आत पाणी शिरतं. नानांची सगळी बचत त्या होडीत होती आणि मी शहरातला शहाणा!

मग नानांनी ताबा घेतला. घाई नाही. शहरात आपण हेअर ड्रायर लावला असता. इथे पारा 45 च्या पुढे, उन्हानेच गोंद मऊ केला. (हीट गनचा मोह मात्र टाळा, जेलकोट करपतो.) स्टिकरचा कोपरा नखाने सुटला की तो वर न ओढता स्वतःवरच दुमडून हळूहळू मागे ओढायचा. अडला तिथे ब्लेड नाही, प्लास्टिकची पट्टी. माझं एक्स्पायर झालेलं एटीएम कार्ड शेवटी कामाला आलं! उरलेल्या चिकट गोंदावर रॉकेलचा बोळा, आधी कोपऱ्यात ट्राय करून, मग साबणाचं पाणी. थिनर नको, तो चमकच खातो. नंबर ब्रशने रंगवलेला होता. त्यावर बारीक वॉटर पेपर, भरपूर पाणी आणि दोन तास. माझे खांदे गेले.

एवढं करूनही 'सागरकन्या' गेली नाही! आजूबाजूचा निळा उन्हाने विटलेला, अक्षरांखालचा मात्र ताजा. रबिंग कंपाउंड आणि वॅक्सने ती बरीच पुसट झाली, पण संध्याकाळी तिरप्या उन्हात सहज वाचता येत होती.

माझ्या ओरखड्यात नानांनी रेझिन भरलं. तरी वण दिसतच होता. मी सॉरी म्हणालो, तर ते नवीन नावाच्या अक्षरांची जागा खडूने आखत होते. 'तापीमाई'तल्या पहिल्या काना बरोब्बर माझ्या ओरखड्यावर आला. पेंटर दुसऱ्या दिवशी येणार होता.