बोटावरच्या रक्ताचं देणं

माझ्यावर ज्यांचे सर्वांत जास्त उपकार आहेत, त्यांतल्या बहुतेकांची नावं मला ठाऊक नाहीत. त्यांच्या रक्ताच्या नळ्यांवर फक्त आकडे असत, आणि नळी माझ्या हातात येईपर्यंत माणूस गोळ्या घेऊन घरी गेलेला असे. व्हायव्हॅक्स मलेरियाच्या परजीवीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. फाल्सिपेरम हा त्याचा घातक भाऊबंद 1976 साली ट्रेगर आणि जेन्सन यांनी काचेच्या बशीत सतत वाढवून दाखवला. तेव्हापासून तो संशोधकांना हवा तेव्हा मिळतो. व्हायव्हॅक्स आजही तसा वाढत नाही. त्याला नुकत्याच तयार झालेल्या कोवळ्या तांबड्या पेशीच लागतात आणि शरीराबाहेर तो फार टिकत नाही. म्हणून जिवंत परजीवी हवा असेल, तर नवा तापकरी आणि त्याचं ताजं रक्त हवं.

त्याच 1976 साली देशात हिवतापाचे 64 लाखांवर रुग्ण नोंदले गेले. 1961मध्ये हा आकडा 50 हजारांच्या आसपास उतरला होता आणि रोग संपत आला असं सगळे धरून चालले होते. उलटून आलेल्या त्या लाटेत शिरपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं गावही सापडलं. हिवताप खात्याचे एक कर्मचारी सायकलवर येत. सारं गाव त्यांना अप्पा म्हणे. दारामागच्या भिंतीवर ते तारीख टाकत आणि घरात कुणाला ताप येऊन गेला का, ते विचारत. डाव्या हाताची अनामिका पुसायची, सुई टोचायची, काचपट्टीवर रक्ताचा एक जाड ठिपका आणि शेजारी एक पातळ थर घ्यायचा, लगेच क्लोरोक्विन द्यायची. मी हात मागे घेतला की अहिराणीत म्हणायचे, "काई व्हस नही रे, बोट दे."

मला थंडी वाजून ताप भरला, त्यानंतर एकदा त्यांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून आरोग्य केंद्रात नेलं आणि तिथल्या तपासनिसाला म्हणाले, याला दाखवा. सूक्ष्मदर्शकाखाली फिकट पेशी होत्या, आणि एकीत निळसर अंगठी, तिच्यावर लाल टिकली. "हाई तुनी रंगत," अप्पा म्हणाले. म्हणजे, हे तुझं रक्त. दुसऱ्या कुणाच्या रक्तात ती अंगठी पाहिली असती तर मी तिथे इतका वेळ खिळून राहिलो असतो, असं मला वाटत नाही. लहान मुलाला त्याचाच आजार दाखवावा, हे त्या माणसाला सुचलं. त्यांच्या कामाच्या यादीत ते कुठेही नव्हतं.

माझा ताप काही महिन्यांनी उलटला. तसं का होतं, ते मला जळगावला प्राणिशास्त्र शिकताना कळलं. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात निजून राहतात आणि मागाहून जागे होतात. त्यांच्यावर क्लोरोक्विन चालत नाही, प्रायमाक्विन लागतं. कॉलेजातल्या आमच्या मॅडम परजीवीची आकृती काढून घेत आणि तिच्याखाली काचपट्टी कुठल्या गावची, कुठल्या महिन्यातली, हे लिहायला लावत. ते लिहिलं नसेल तर जर्नलवर सही मिळत नसे. परीक्षेत त्याला गुण नव्हते. पण पुढे नळीवरच्या आकड्यामागचं गाव विचारायची जी सवय मला लागली, ती तिथली.

प्रयोगशाळेत आमच्या कामाचा विषय परजीवीचं एक प्रथिन होतं. तांबड्या पेशीवर डफी नावाचा एक रेणू असतो. 1950 साली ज्या रुग्णाच्या रक्तामुळे तो सापडला, त्याचंच हे आडनाव. त्या रुग्णाचं नाव शास्त्रात राहिलं. लुई मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पुन्हा 1976 सालीच, दाखवलं की ज्यांच्या पेशींवर डफी नाही त्यांना व्हायव्हॅक्स सहसा बाधत नाही. परजीवीचं ते प्रथिन या रेणूला धरतं आणि मग पेशीत शिरायला वाट मिळते. डफी हा कोयंडा, परजीवीचं प्रथिन ही कडी. त्या लांबलचक प्रथिनाचा नेमका कोणता तुकडा कोयंड्यात अडकतो, हे चेतन चिटणीस यांनी मिलर यांच्याबरोबर 1994 साली दाखवून दिलं. चिटणीस आयआयटी मुंबईत भौतिकशास्त्र शिकलेले. पुढे दिल्लीच्या आयसीजीईबी संस्थेत आणि नंतर पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी त्या तुकड्याचीच लस करण्याचा ध्यास घेतला. त्या तुकड्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली, तर परजीवीला पेशी धरता येत नाही.

हे वाचून माझ्यासारख्या तंत्रज्ञाला काय झालं असेल, ते सांगणं कठीण आहे. माझ्या बोटातून निघालेली ती अंगठी पेशीत कशी शिरली होती, याचं उत्तर मला पहिल्यांदा मिळालं होतं.

एकदा नमुना घेताना बांधकामावरची एक बाई भेटली. बोलण्यावरून धुळ्याकडची. आम्ही रीतसर संमती घेतली. तिनं अंगठा उठवला आणि विचारलं, "हाई रंगत कथा लई जास, भाऊ?" (हे रक्त कुठे नेता?) मी अहिराणीतच सांगितलं की या रोगावर लस शोधायची आहे. ती म्हणाली, "मंग लस कव्हय यी?" (मग लस कधी येईल?) तिचं रक्त मी सेल्युलोजच्या नळीतून गाळून पांढऱ्या पेशी काढून टाकल्या आणि त्याच रात्री ते प्रयोगाला लावलं. तिला मी ठोस काहीच सांगू शकलो नव्हतो.

मधल्या काळात फाल्सिपेरमच्या लशी आल्या. रूथ नुसेन्झवाइग यांनी 1967 साली किरणांनी दुबळे केलेले परजीवी टोचून उंदरांना वाचवलं. त्या वाटेनं परजीवीच्या अंगावरचं एक प्रथिन हाती आलं, आणि त्याच्याच तुकड्यावर ऑक्सफर्डमध्ये घडलेली आर-21 लस आज पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर 2023मध्ये तिची शिफारस केली, आणि आफ्रिकेतली मुलं आज ती घेत आहेत. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण ती व्हायव्हॅक्सवर चालत नाही.

डफीला धरणाऱ्या व्हायव्हॅक्सच्या प्रथिनावरच्या लशीची ऑक्सफर्डमधली चाचणी 2023मध्ये प्रसिद्ध झाली. लस घेतलेल्या स्वयंसेवकांना मुद्दाम संसर्ग दिला गेला, आणि ज्या गटाला डोसांमध्ये लांब अंतर ठेवून लस दिली होती, त्या गटात रक्तातली परजीवींची वाढ सरासरी 51 टक्क्यांनी मंदावली. रोग अडला नाही, वेग निम्म्यावर आला. तो आकडा वाचला त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की त्या बाईला सांगण्याजोगं काहीतरी आहे.

तिला शोधणं शक्य नाही. म्हणून निवृत्तीनंतर मी अहिराणीत दोन पानं लिहिली: घेतलेल्या रक्ताचं काय केलं जातं, लस कुठवर आली आहे, 51 टक्के म्हणजे काय आणि काय नाही, आणि लस येईपर्यंत प्रायमाक्विनच्या गोळ्या मध्येच का सोडायच्या नाहीत. शिरपूर आणि चोपडा तालुक्यांतल्या उपकेंद्रांत ती नेऊन देतो. तिथल्या आशा सेविका ती वाचून दाखवतात, आणि लोक जे प्रश्न विचारतात ते मी पानांच्या पुढच्या आवृत्तीत घालतो. आता सातपुड्यातल्या आदिवासींच्या पावरी भाषेत ती कोण लिहून देईल, त्याच्या शोधात आहे.