हा डाग कसला, मॅडम?

त्या सोमवारी मगरिबच्या आधी धाकट्याला आंघोळ घालताना उजव्या दंडाच्या आतल्या बाजूला चार निळसर डाग दिसले. एका ओळीत. धाकटा नऊ वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. पाणी, भात, नको आणि दादी, एवढेच शब्द त्याला येतात. "काय झालं रे?" असं विचारून उपयोग नव्हता, तरी आम्ही विचारलं. तो "पाणी" म्हणाला आणि बादलीत हात घालून हसला.

ढोपरं फुटणं आम्हाला नवं नाही. धावणारं पोर पडतं आणि लागतं ते हाडावर, म्हणजे नडगीला, कोपराला, कपाळाला. दंडाची आतली बाजू पडून सहसा निळी होत नाही. पंधरा दिवसांपूर्वी पाठीवरही एक डाग दिसला होता. तो आम्ही सोडून दिला, याचं आजही वाईट वाटतं.

रात्री आमचं दोघांचं जुंपलं. एकाला तडक पोलीस ठाण्यात जायचं होतं. दुसऱ्याला भीती, की अशी शाळा आसपास ही एकच. नाव काढून टाकलं तर? आणि न काढता पोरावरच राग काढला तर? ज्याला सांगता येत नाही असं मूल रोज सहा तास दुसऱ्याच्या हवाली करायचं, तर वैरही परवडत नाही आणि गप्प बसणंही. दादी एवढंच म्हणाल्या, "पोरगं अमानत आहे. भांडा, नाहीतर नका भांडू. पण विचारल्याशिवाय राहू नका."

रात्री लिहिलेली चिठ्ठी आम्ही सकाळी फाडली. तिच्यात "तुमच्या माणसांनी मारलं" असं होतं. ते आम्हाला माहीत नव्हतं. माहीत होते ते फक्त डाग. आधी डॉक्टरांकडे गेलो. रंगावरून नेमका दिवस सांगता येत नाही, असं ते म्हणाले, पण जागा आणि आकार केसपेपरवर लिहून दिला. बाजूला पट्टी धरून उजेडात फोटो काढले. मग नवी चिठ्ठी लिहिली: सोमवारी सकाळी गाडीत बसवताना डाग नव्हता, संध्याकाळी होता, मधल्या वेळात त्याला कोणी धरलं, उचललं, ओढलं का, त्या दिवशी त्याच्यासोबत कोण होतं, लेखी कळवावे. दुसऱ्या प्रतीवर पोहोच घेतली.

मुख्याध्यापिका मॅडम पहिल्या भेटीत म्हणाल्या, "अहो, तो स्वतःलाच चावतो." चावतो, हे खरं आहे. पण मनगटाला, आणि तिथे दातांचे वण उठतात. आम्ही म्हणालो, "मॅडम, आम्ही कुणावर आळ घेत नाही. पण उत्तर हवं." त्यांनी चहा मागवला, तो आम्ही घेतला नाही. चहा घेतला की माणूस अर्धा नरम होतो, हा आमचा अनुभव!

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आम्ही वाचून गेलो होतो. अशा मुलाशी गैरवर्तन होत असल्याची शंका असेल तर कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतो, असं त्याच्या सातव्या कलमात आहे. मुलांसाठी १०९८ हा फोन नंबरही आहे. हे आम्ही मॅडमना आवाज न चढवता सांगितलं. आणि एक वही मागितली. घरून निघताना आम्ही अंगावरची प्रत्येक खूण लिहू, शाळेतून निघताना त्यांनी लिहावी. "एवढा स्टाफ कुठे आहे?" असं उत्तर आलं. तेव्हा वर्गाच्या बाई म्हणाल्या, "मी लिहीन."

तीन आठवड्यांत दंडावर दोनदा पुसट डाग आले. दोन्ही दिवशी नेहमीच्या मावशी रजेवर होत्या, हे वहीवरूनच कळलं. तरी ओढणारा हात कुठला, ते कळलं घरात. रविवारी असरच्या वेळी वुजू करताना धाकटा नळाजवळून उठेना. अब्बूंनी घाईत दंडाला धरलं, तसा तो "नको" म्हणून किंचाळला आणि हात काखेत लपवून बसला. असं त्याने कधी केलं नव्हतं. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पाणी".

सोमवारी शाळेत एवढंच विचारलं, "नळावरून त्याला कोण उठवतं?" बदली मावशी रडायला लागल्या. "मारलं नाही हो भाभी. गाडी उभी असते, हा उठत नाही, मग ओढते." अकरा मुलं एकटीच्या अंगावर, आणि अशा मुलांना कसं हाताळायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. आम्हाला त्यांची दया आली. रागही गेला नाही. दोन्ही खरं आहे.

मॅडमनी ते लिहून सही केली. आता नळावर दोन चित्रं टांगली आहेत: नळ आणि गाडी. निघण्याच्या पाच मिनिटं आधी त्याला गाडीचं चित्र हातात देतात. कधी उठतो, कधी नाही. पण दंडाला कुणी धरत नाही. पाठीवरच्या डागाचं उत्तर मात्र अजून मिळालेलं नाही. आम्ही अधूनमधून विचारतो.

काल वहीत होतं: "डावा गुडघा खरचटला. साडेअकरा वाजता, झोपाळ्याजवळ पडला. धुऊन औषध लावले." गुडघा पाहिला आणि खाली सही केली.